आक्काने विचारले होते

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, तर आक्काचे. वडिलांनी मार्केट यार्डात पोती वाहून मला बी.ए. केले, ते ऋण वेगळे, ते घरातले. आक्का माझी कुणीच लागत नव्हती. ती माण तालुक्यातली आणि मीही माण तालुक्यातला, एवढेच नाते. तिचे पाळण्यातले नाव मी इथे लिहीत नाही. अबुधाबीत तिला सगळे आक्काच म्हणत, मराठी माणसेही, मल्याळी वॉचमनही आणि जपानी मुलेही.

नव्वदच्या दशकात मी तिकडे गेलो. एजंटाने 'ऑफिस असिस्टंट' असे सांगितले होते. मुसफ्फात, म्हणजे अबुधाबीबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, पोहोचल्यावर कळले, की ऑफिस म्हणजे लोखंडी गेटे बनवणाऱ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यातले एक टेबल, आणि त्या टेबलावर आधीच एक माणूस बसलेला होता. मला कापलेल्या पट्ट्या उचलून रचायचे काम दिले. उन्हात त्या पट्ट्या हातमोज्यातूनही भाजत. घरी मी कळवत होतो, की काम सावलीतले आहे आणि साहेब चांगला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. त्या लोकांना दुसरे काय कळवणार?

गणपतीत एका मराठी इंजिनिअरच्या घरी आरतीला गेलो. खरे सांगायचे तर जेवायला गेलो. तिथे स्वयंपाकाला आलेल्या बाईने मला तिसऱ्यांदा आमटी वाढली आणि पळी तशीच धरून विचारले,

"कुठला रं तू?"

"सातारा जिल्हा."

"जिल्हा ऱ्हाऊ दे. गाव सांग."

मी गाव सांगितले. तिने पळी पातेल्यात ठेवून दिली.

"आरं, माझ्या माहेराच्या शेजारचं की! शिकलास किती?"

"बी.ए."

"आन हाताला ह्ये काय झालंय? बीए हुन लोखंड उचलतोस व्हय?" ती मागच्या बायांकडे वळून म्हणाली, "बघा गं, आमच्या मानातला बीए. हात बघा त्येचं."

बाया हसल्या. मी मान खाली घालून जेवलो. पण त्याच आठवड्यात त्या बाईने, म्हणजे आक्काने, निरोप पाठवला, की शनिवारी सकाळी धुतलेला शर्ट घालून ये.

ती शहरातल्या एका जपानी शाळेत बसवर बाई म्हणून कामाला होती. सकाळी मुलांना घरून आणायचे, दुपारी सोडायचे आणि मधल्या वेळात शाळेची स्वच्छतागृहे आणि अंगण साफ करायचे. शाळा लहान होती. तेलाच्या आणि यंत्रांच्या जपानी कंपन्यांतले साहेब तीन-चार वर्षांसाठी तिकडे येत, त्यांची मुले तिथे शिकत आणि परत जात. आक्का मला तिथल्या कचेरीच्या प्रमुखापुढे घेऊन गेली. हा मध्यम वयाचा जपानी गृहस्थ तुटक पण नेमके इंग्रजी बोलणारा होता. आक्काने माझ्याकडे बोट केले आणि म्हणाली, "बीए. गुड बॉय. माय व्हिलेज." माझी शिफारस एवढीच. त्याने मला एक पत्र टाइप करायला लावले, चुका पाहिल्या आणि मान हलवली. व्हिसा बदलायला बरेच महिने गेले, पण मी मुसफ्फातून सुटलो. त्या दिवसानंतर आक्काने मला कधी नावाने हाक मारली नाही. ती मला 'बीए' म्हणायची. "काय वो बीए, जेवलासा का?" असे ती सगळ्यांदेखत मोठ्याने विचारायची.

शाळेतल्या काही गोष्टी पाहून मी सुरुवातीला थक्क झालो. दाराशी बूट काढून आतले पांढरे कापडी बूट घालायचे, मुलांनी आणि हेडमास्तरांनीही. दुपारी जेवण झाले, की मुले डोक्याला रुमाल बांधून शाळा झाडायला लागत. मोठमोठ्या मॅनेजरांची पोरे ओले फडके दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून, ढुंगण वर करून, कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यत लावल्यासारखी पळत. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा आक्काच्या जिवाला लागले होते म्हणे. तिने एका मुलीच्या हातातले फडके ओढले होते, "आन हिकडं, माझं काम हाय त्ये!" मुलीनेही सोडले नाही. शेवटी शिक्षकांना येऊन सोडवासोडव करावी लागली. हे ती स्वतःच रंगवून सांगायची.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती एका शब्दाची आहे.

जपानी भाषेत 'हो' ला 'हाय' म्हणतात. सकाळी वर्गात हजेरी होताना नाव घेतले, की मूल ताठ उभे राहून "हाय!" म्हणते. आमच्या भागात 'आहे' ला 'हाय' म्हणतात. तालुक्याच्या शाळेत आमच्या मराठीच्या बाईंनी माझ्या तोंडातला 'हाय' काढून तिथे 'आहे' बसवायला फार कष्ट घेतले होते. "हाय नाही, आहे. परत म्हण." वर्ग हसायचा. मी कॉलेजात जाईपर्यंत तो शब्द माझ्या जिभेवरून गेला. आणि इथे, इतक्या लांब, इस्त्रीच्या कपड्यांतली मुले रोज सकाळी एकामागून एक हाय, हाय, हाय म्हणत होती.

आक्काला याचा फार आनंद होता. "बघ की, ह्यांची भाषा आपलीच हाय," ती म्हणायची. "आन 'न्हाई' लाबी ह्ये नायच म्हनत्यात." ते खरे होते. एखादे मूल आले नसेल तर बाकीची पोरे "इनाई!" असे ओरडत; म्हणजे 'इथे नाही'. आक्काला तो 'नाय' ऐकू यायचा. तिला जपानी येत नव्हते, इंग्रजी चार शब्दांपुरते येत होते, पण बसमध्ये या दोन शब्दांवर तिचे सगळे काम चालायचे. प्रत्येक इमारतीखाली बस थांबली, की ती दारात उभी राहून एकेका मुलाचे नाव घ्यायची, त्याला त्यांच्यासारखे लाडाचे 'कुन' नाहीतर 'चान' लावायची आणि भुवया उंचावून विचारायची, "हाय?"

"हाय!" मूल ओरडायचे.

एखाद्याचा आवाज आला नाही, की शेजारचे मूल म्हणायचे, "इनाई!"

मुलांना ती आवडायची. तिच्या नावाला 'चान' लावले, की त्यांच्या भाषेतल्या तान्ह्या बाळाच्या शब्दासारखे ऐकू येते. त्यामुळे "आक्का-चान" म्हणून पोरे खुसखुसत. ड्रायव्हर दापोलीकडचा मुसलमान होता. आयुष्य आखातात काढलेला, त्याला आम्ही चाचा म्हणत असू. तो आरशातून बघत म्हणायचा, "आक्का, तू आता जपानी झालीस गो. पासपोर्ट तेवढा बदलून घे."

"तू गाडी बघ फुडं," आक्का म्हणायची.

"यल्ला, चला, जपानी मॅडमची ऑर्डर."

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. तिकडे त्या दिवसांत सकाळीही बाहेर उभे राहवत नाही. बस फाटकाशी आली. मुले उतरू लागली आणि एक लहान मुलगी पायरीवरच ओकली. आक्काने तिला धरले, तोंड पुसले, पाणी पाजले. तेवढ्यात बाकीची मुले तिच्या बाजूने निघून गेली. फाटकावर त्या दिवशी एक तरुण शिक्षिका मुलांना आत घ्यायला उभी होती. जपानहून येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. ती प्रत्येक मुलाला वाकून नमस्कार करत होती, दप्तरे घेत होती, ओकलेल्या मुलीकडेही पाहत होती.

पहिलीतला एक मुलगा आपल्या समोरून उतरलेला आक्काला आठवेना. तो शेवटच्या बाकावर बसायचा. तिने ओकलेल्या मुलीला शिक्षिकेच्या हाती दिले, त्या मुलाचे नाव घेतले, 'कुन' लावले आणि विचारले, "हाय?"

शिक्षिका म्हणाली, "हाय!"

आक्काने चाचाला हात केला. चाचाने बस नेली आणि शाळेमागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत उभी करून, कुलूप लावून चहाला गेला. बसच्या खिडक्यांना उन्हासाठी जाड पडदे असत. ते ओढलेले होते.

मी कचेरीत होतो. पहिलीच्या शिक्षिका आल्या आणि म्हणाल्या, की अमुक मुलगा आज आलेला नाही, घरून निरोपही नाही, फोन करून विचाराल का? मी फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. दुसरी कामे होती, ती करत पुन्हा लावला. मग त्याच्या आईने उचलला आणि सांगितले, की मुलगा बसने गेला आहे, मी स्वतः खाली सोडला.

मी दारात जाऊन पहिलीच्या शिक्षिकांना हे सांगत होतो. आक्का बाहेर पायऱ्या धूत होती. तिने त्या मुलाचे नाव ऐकले.

"त्येचं काय?" तिने मला विचारले.

"आक्का, तो वर्गात नाही."

"हाय की. बाईनं सांगितलं मला, हाय म्हनून."

एवढे बोलून ती थांबली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिने हातातला ब्रश टाकला आणि पळाली. पायात एकच चप्पल राहिली होती. मी तिच्या मागे पळालो. बसला कुलूप. चाचाला हाका मारायला मी टपरीकडे धावलो. आम्ही परत येईपर्यंत आक्काने दगडाने मागची काच फोडली होती आणि ती आत शिरत होती. तिच्या दंडातून रक्त येत होते. शेवटच्या दोन बाकांच्या मधल्या जागेत तो मुलगा पडलेला होता. त्याला सकाळी थोडी कणकण होती, हे नंतर कळले. तो तिथे झोपून गेला असणार. आक्काने त्याला बाहेर दिले तेव्हा त्याच्या अंगाला घामही नव्हता. मी त्याला घेतले, तेव्हा माझ्या हातांना मुसफ्फातल्या पट्ट्या आठवल्या. यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही.

तो वाचला. पण हे आम्हाला लगेच कळले नाही. हॉस्पिटलात काही दिवस तो डोळे उघडत नव्हता. पोलीस आले, जबाब झाले. मुलाच्या आईवडिलांनी आमची तक्रार नाही असे लिहून दिले, त्यामुळे ते प्रकरण शाळेपुरते राहिले.

हेडमास्तर रोज हॉस्पिटलात जाऊन आयसीयूच्या बाहेर भिंतीशी उभे राहत. बसत नसत. मुलाचे वडील बाहेर आले, की कमरेत वाकत आणि वडील दिसेनासे होईपर्यंत तसेच राहत. आक्काही जायची. ती समोरच्या भिंतीशी उभी राहायची, दंडाला पट्टी बांधलेली. त्या दोघांना एकमेकांचा एक शब्द येत नव्हता. एका दुपारी मी तिला न्यायला गेलो, तेव्हा ते दोघे तसेच समोरासमोर उभे होते आणि मधून स्ट्रेचर चालले होते. मुलाच्या आईने आक्काकडे कधी पाहिले नाही.

मुलगा बेशुद्ध असतानाच एके दिवशी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत बैठक झाली. हेडमास्तर, कचेरीप्रमुख, फाटकावरची ती शिक्षिका, चाचा, आक्का आणि मी. आक्काचे बोलणे मी इंग्रजीत करायचे आणि कचेरीप्रमुखांनी ते जपानीत करायचे, असे ठरले.

खोलीत जाण्याआधी आक्काने माझा हात धरला. "बीए, नोकरी ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे. मला त्येचं काय न्हाई. पर आक्का पोराला इसरली, असं म्हनायचं न्हाई कुनी. मी इचारलं हुतं. एवढं त्येस्नी नीट सांग. तू शिकलेला हाईस."

मी म्हणालो, "सांगतो, आक्का."

सगळ्यांत आधी ती शिक्षिका उठली. तिने एक वाक्य म्हटले आणि वाकली. वाकलेलीच राहिली. तिचे केस पुढे आले होते.

"ही काय म्हनली?" आक्काने विचारले.

मी कचेरीप्रमुखांकडे पाहिले. ते म्हणाले, "ती म्हणते, ही माझी चूक आहे."

"सगळे काय झाले ते नाही सांगितले?" मी विचारले.

"नाही. फक्त एवढेच."

मग आक्काची पाळी आली. ती उभी राहून बोलली. मुलगी ओकली इथपासून सगळे सांगितले, काही गाळले नाही. "मी हिला इचारलं, पोरगं हाय का. ही हाय म्हनली. मंग मी गाडी सोडली. न्हाई म्हनली असती तर मी वर चढून बघितलं नसतं व्हय?" मी शब्द न् शब्द इंग्रजीत केला. इतके चांगले इंग्रजी मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो असेन. कचेरीप्रमुखांनी ऐकून घेतले, पण लगेच जपानीत सांगितले नाही.

"बाईंचे म्हणणे असे आहे का, की दोष शिक्षिकेचा?" त्यांनी मला विचारले.

"नाही सर. त्या म्हणतात, मी विचारले होते."

"म्हणजे तेच."

त्यांनी हलक्या आवाजात थोडेसे हेडमास्तरांना सांगितले. हेडमास्तरांनी डोळे मिटले. मग ते जे म्हणाले, ते माझ्यापर्यंत असे आले: "मूल अजून शुद्धीवर नाही. आज या खोलीत कुणी कारणे देऊ नयेत. बाईंनी माफी मागावी."

मी आक्काला सांगितले.

"कशाची माफी?" ती म्हणाली. "त्या पोराच्या मी पाया पडंन. त्येच्या आईच्या पडंन, रस्त्यावर पडंन. पर मी इचारलंच न्हाई, असं हुईल ना मंग? तसं मी म्हननार न्हाई."

चाचा हळूच म्हणाला, "आक्का, बोल ना गो सॉरी. खलास होईल. इथे तसंच असतंय."

"तुझं तू बोल."

चाचा बोलला. तो उभा राहिला, शिक्षिकेसारखा वाकला आणि "सॉरी, सॉरी सर" म्हणाला. आक्का उभीच राहिली. मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, की आमच्या भागात या शब्दाचा अर्थ असा होतो. मी जितके समजावत गेलो, तितके त्या खोलीतले चेहरे बंद होत गेले. आमच्याकडे खरे काय ते सविस्तर सांगणे म्हणजे माणुसकी. त्यांच्याकडे अशा वेळी सविस्तर सांगणे म्हणजे अंग काढून घेणे. हे मला त्या दिवशी कळले आणि कळून काही उपयोग नव्हता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये कचेरीप्रमुख माझ्याशी बोलले. वाईट माणूस नव्हता. ते म्हणाले, "आमच्याकडे 'हाय' म्हणजे नेहमी 'हो' असे नसते. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच, की तुमचा आवाज माझ्या कानावर आला. फोनवर मी दिवसभर म्हणतो ना?" मी त्यांना परत एकदा आमचा 'हाय' समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली. "हाय," ते म्हणाले. "हाय." यातला कोणता, ते मी विचारले नाही.

शिक्षिका नोकरीत राहिली. चाचाला बसच्या कंपनीने दुसऱ्या मार्गावर टाकले. आक्काला सांगण्यात आले, की जुलैनंतर तिची गरज नाही. व्हिसा शाळेचा होता, तो कॅन्सल झाला. मराठी घरांतून मी दुसरी सोय बघत होतो, पण लोक ऐकून होते. "त्या बसवाल्या ना?" असे विचारायचे आणि मग, "बघतो, कळवतो." ज्यांच्या घरी तिने वर्षानुवर्षे पुरणपोळ्या केल्या होत्या, त्यांनीही कळवले नाही.

तोपर्यंत मुलगा शुद्धीवर आला होता. पण बोलायला वेळ लावतो, पाय धड टाकत नाही, असे ऐकू यायचे. प्रवासाला नेण्यासारखा होताच आईवडील त्याला घेऊन थेट जपानला गेले. शाळेत कुणी त्याचे नाव काढत नसे.

विमानतळावर मी आक्काला सोडायला गेलो. तिच्याबरोबर एक बॅग आणि मिक्सरचा खोका होता.

"गावात म्हनत्याल, पोरगं मारून आली," ती म्हणाली.

"आक्का, मुलगा जिवंत आहे."

"मला म्हाईत हाय. त्येस्नी कुटं म्हाईत हाय?" मग म्हणाली, "त्येची खबर कळली तर लिव्ह. आन बरं वाटावं म्हनून खोटं लिवू नगंस."

ती आत गेली. वळून पाहील असे मला वाटले होते. तिचा फॉर्म भरून द्यायला कुणीतरी रांगेतून बाजूला बोलावले आणि ती त्या गर्दीत दिसेनाशी झाली.

सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा तिच्या जागी बसवर जायला मला सांगितले. कचेरीचे काम मधल्या वेळात. पहिल्या दिवशी पोरांनी मला विचारले, आक्का-चान कुठे? मी म्हणालो, इंडियाला. कधी येणार? मी त्यांना जागेवर बसायला सांगितले. मी यादी बघून नावे घ्यायचो आणि मुले नीट "हाय" म्हणायची, पण त्यात दंगा राहिला नव्हता.

हिवाळ्यात हवा बरी झाली, तशी मुले मधल्या सुट्टीत अंगणात खेळू लागली. त्यांनी एक खेळ काढला होता. एक मुलगी आक्का व्हायची. कमरेवर हात, भुवया वर. बाकीची मुले बाकांच्या आडोशाला लपायची. ती एकेकाचे नाव घेऊन आक्कासारख्याच हेलात विचारायची, "हाय?" आणि खेळातले दुसरे मूल, जे फाटकावर उभे असायचे, ते चारी बाजूंना शोधायचे. दिसला तर "हाय!" आणि नाही दिसला तर "इनाई!"

त्या दिवशी अंगणात लक्ष ठेवायला तीच शिक्षिका होती. मी कचेरीच्या खिडकीतून पाहत होतो. ती खेळाजवळ गेली, गुडघ्यांवर बसली आणि आक्का झालेल्या मुलीशी काही बोलली. मुलगी तिला हातवारे करून समजावू लागली. घंटा झाली, मुले आत गेली, तरी शिक्षिका उठली नाही.

दुपारी ती कचेरीत आली. तिचे इंग्रजी माझ्याहून कच्चे होते. ती म्हणाली, "मुले सांगतात, आक्का-सान 'हाय' विचारायच्या. मूल आहे का, असे विचारायच्या. खरे?"

"खरे," मी म्हणालो. "मी त्या दिवशी तेच सांगत होतो."

"मला वाटले, त्या मला सोपवलेल्या मुलाचे नाव सांगत आहेत. आमच्याकडे काही हाती देतानाही 'हाय' म्हणतात, म्हणजे घ्या. मी म्हणाले 'हाय', घेतले. मी पाहिले नाही. त्या दिवशी खोलीत तुमचे सगळे बोलणे मला कुणी जपानीत सांगितले नाही. मीही विचारले नाही. विचारले असते तर ते वाईट दिसले असते."

मुलांना, सहा-सात वर्षांच्या मुलांना, जे रोज कळत होते, ते आम्हा मोठ्यांना बैठकीतही कळले नव्हते. ती म्हणाली, "माझ्याबरोबर हेडमास्तरांकडे या." आम्ही गेलो. त्यानंतर दोन दिवसांनी मी आक्काला पत्र लिहिले. ते असे होते:

आक्का,

नमस्कार. हे पत्र तुमची भाची मोठ्याने वाचेल, म्हणून सोपे लिहितो. तिला म्हणावे, सावकाश वाच.

आधी मुलाची खबर. त्याच्या आईचे पत्र इथल्या पहिलीच्या बाईंना आले. तो जपानात शाळेत जायला लागला आहे. चालत जातो, आई बरोबर असते. चालताना एक पाय ओढतो. वाचायला त्याला वेळ लागतो आणि लवकर थकतो. डॉक्टर म्हणतात, काही सुधारेल, सगळे सुधारेल असे नाही. त्या दिवसाचे त्याला काही आठवत नाही. तुम्ही खोटे लिहू नको म्हणालात, म्हणून आहे तसे लिहिले.

दुसरे. फाटकावरच्या बाईंना आता कळले आहे, की तुम्ही त्यांना विचारले होते. मुलांनी त्यांना सांगितले. त्यांनी मला हेडमास्तरांच्या समोर नेले आणि स्वतः सांगितले, "त्यांनी विचारले, मी न बघता उत्तर दिले." हेडमास्तर खुर्चीतून उठले. मग मला म्हणाले, आक्कांना कळवा, की त्यांनी विचारले होते हे आम्ही ऐकले. फाटकावरच्या बाईंनी तुमची माफी मागितली आहे. त्या खूप रडल्या.

मी विचारले, की आक्कांना परत बोलावता येईल का. ते नाही म्हणाले. झालेला निर्णय झाला, मुलाच्या आईवडिलांपुढे आता तो फिरवता येणार नाही, असे म्हणाले. मला राग आला, पण मी बोललो नाही, कारण माझी नोकरी तुम्ही दिलेली आहे आणि घरी धाकट्या भावाचे कॉलेज चालू आहे. तुम्ही वाट बघू नये म्हणून हेही लिहिले.

बसवर आता मी जातो. मुले उतरल्यावर प्रत्येक बाकाखाली वाकून बघतो. चाचा परवा भेटले, तुम्हाला सलाम सांगितला आहे.

दंडाची जखम भरली का, ते कळवा. गावात कुणी काही बोलले, तर त्याला दारात बसवून हे पत्र भाचीकडून वाचून घ्या, आणि 'दुसरे' असे लिहिले आहे तो परिच्छेद दोनदा वाचायला सांगा. अजून कुणी बोलले तर मला कळवा. मी सुट्टीला आलो, की स्वतः येऊन सांगेन.

तुमचा,
बीए